रबरी हातमोजे आणि हातावरच्या गांधी

सोलापुरात वैद्यकीय किंवा परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्यांना रबरी हातमोजे घालावेच लागतात. एखादीच्या हाताला ते घालताच खाज का सुटते? नैसर्गिक रबर हेविया झाडाच्या चिकापासून बनते. या चिकातील प्रथिनांना काहींचे शरीर शत्रू समजते व हिस्टामिन सोडते. मग काही मिनिटांतच गांधी उठतात, शिंका येतात, क्वचित श्वासही कोंडतो. अशांपैकी काहींना केळे, पपईही बाधते. त्यांतील काही प्रथिने तशीच असतात! एक-दोन दिवसांनी उठणारे पुरळ मात्र बहुधा रबरात मिसळलेल्या रसायनांमुळे असते.

तेव्हा आईवडिलांनी शिक्षण सोडवू नये. केव्हा, कशाने, काय झाले, याची नोंद मुलीने ठेवावी आणि डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. नैसर्गिक रबराची अॅलर्जी ठरली, तर नायट्राइलचे हातमोजे आहेतच. घरी फुगा लावून परीक्षा मात्र पाहू नये.