मिथिलमॅलोनिक आम्ल का वाढते?

प्रश्न (राजूर, जि. जालना) : शाकाहारी व्यक्तीच्या रक्तात मिथिलमॅलोनिक आम्ल वाढल्यास काय समजावे?

उत्तर : व्हॅलीन, आयसोल्यूसीन या अमिनो आम्लांच्या विघटनातून मिथिलमॅलोनिल-कोएन्झाइम-ए हे शाखायुक्त संयुग तयार होते आणि म्युटेज हे विकर, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, ब-१२ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने त्याचे सक्सिनिल-कोएन्झाइम-ए करून ते ऊर्जाचक्रात धाडते. ब-१२ अपुरे पडले की ही वाट अडते व साचलेल्या संयुगापासून सुटणारे आम्ल रक्तात उतरते. मूत्रपिंडाच्या विकारातही ते वाढते, हे मात्र विसरू नये. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाच्या २००६ मधील अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले होते. भाकरी, डाळ, भाजीत ते नसते, दूध-दह्यात थोडे असते. म्हणून हातापायांना मुंग्या येत असतील तर उपचार लांबवणे धोक्याचे, कारण ब-१२ च्या अभावी झालेली मज्जातंतूंची जुनी हानी पूर्ण भरून येईलच असे नाही.