यहोशवा कसा तयार झाला?

शास्त्रपाठ : निर्गम १७:८–१३, २४:१३, गणना २७:१५–२३, मार्क ६:७–१३, ३०, ९:२८, २९.

खेड्यांतील मंडळ्यांत आम्हांस पुष्कळदां असें दिसतें कीं, उपदेशकाची बदली झाली किंवा तो आजारी पडला म्हणजे उपासना बंद पडते. गीत सांगणारा तोच, शास्त्र वाचणारा तोच, प्रार्थना करणारा तोच व अर्पणाचा हिशेब ठेवणाराही तोच. असा उपदेशक मेहनती खरा. परंतु त्याच्यामागें मंडळी पोरकी होते. म्हणून पुढारी कसे तयार होतात, हें आज शास्त्रावरून पाहूं.

१. काम देऊन. रफीदीम येथें अमालेकी चालून आले, तेव्हां माणसें निवडून लढण्याचें काम मोशेनें यहोशवावर सोंपविलें, व आपण देवाची काठी हातीं घेऊन टेकडीवर उभा राहिला. लढाई शिष्यानें केली. परंतु गुरूनें त्याला दृष्टीआड होऊं दिलें नाहीं.

२. सहवासानें. मोशे देवाच्या पर्वतावर चढला, तेव्हां यहोशवा त्याचा सेवक म्हणून बरोबर गेला. ज्याला सेवा करणें ठाऊक नाहीं, त्याला लोकांस चालवितां येत नाहीं. पुढें एलाजार याजक व सर्व मंडळी ह्यांच्यासमोर मोशेनें त्याच्यावर हात ठेवून आपला कांहीं अधिकार त्याला दिला. हें मोशे जिवंत असतांनाच झालें, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

३. चूक सुधारून. प्रभु येशूनें बाराजणांस दोघे दोघे असें पाठविलें. परत आल्यावर त्यांनीं केलेलें व शिकविलेलें सर्व त्याला सांगितलें. नंतर एकदां एका मुलांतील अशुद्ध आत्मा शिष्यांस काढतां आला नाहीं. त्यांनीं घरांत एकांतीं कारण विचारलें, आणि प्रभूनें प्रार्थनेची गरज दाखवून दिली. त्यांस कामावरून दूर केलें नाहीं. नवशिक्याची मंडळीसमोर फजिती केली, तर तो पुन्हां तोंड उघडणार नाहीं.

आपल्या देशांतही असेंच घडलें आहे. १९१२ सालीं दोर्णाकलचे अझरया हे अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. तत्पूर्वीं त्यांनीं तरुण ख्रिस्ती संघाचे चिटणीस म्हणून अनेक वर्षें गांवोगांव काम केलें होतें, व १९०३ सालीं तिरुनेलवेली येथें स्वदेशी मिशनरी संस्था स्थापण्यास हातभार लाविला होता.

कोणी म्हणेल, “आमच्या मंडळींतील तरुणांस हें जमणार नाहीं.” बाप मुलाच्या हातीं नांगर देतो, तेव्हां पहिलें तास वांकडेंच जातें. म्हणून तो नांगर काढून घेत नाहीं, मागून चालतो.

ह्यास्तव प्रत्येक उपदेशकानें एक तरुण व एक बहीण निवडावी. पहिल्या महिन्यांत शास्त्रपाठ वाचावयास द्यावा, व तो शनिवारीं आपणापुढें वाचून घ्यावा. दुसऱ्यांत प्रार्थना, तिसऱ्यांत शब्बाथशाळेचा एक वर्ग द्यावा. अर्पण मोजतांना दोघांस जवळ बसवावें. ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांस गीत सांगणें व आजाऱ्यांची भेट हीं कामें द्यावीं.

प्रश्न :
१. यहोशवाला अधिकार कोणासमोर मिळाला, व त्याचा मंडळीस काय उपयोग झाला?
२. शिष्यांनीं परत येऊन प्रभूस सर्व कां सांगितलें?
३. तुमचा उपदेशक उद्यां परगांवीं गेला, तर रविवारची उपासना कोण चालवील? त्याचें नांव सांगा. नांव सुचत नसेल, तर प्रार्थना करून ह्याच आठवड्यांत काम सुरू करा.