बसबार : साधी पट्टी, मोठी जबाबदारी

"अनेक सर्किटांना वीज वाटून देणारा जाड वाहक म्हणजे बसबार" ही व्याख्या पाठ केली की आपला बसबार संपतो. सुट्टीत मी पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात ट्रेनिंगला होतो. तिथल्या सुपरवायझर काकांनी १०० बाय १० मिमीची अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी हातात देऊन विचारलं, "हिच्यातून किती करंट न्यायचा?" चौरस मिमीला १ अँपिअर या हिशेबाने मी म्हटलं, १००० अँपिअर. काका म्हणाले, "हा झाला अंदाज. पट्टी निवडायची तर तीन प्रश्न विचार."

पहिला प्रश्न, पट्टी किती तापेल? १०० बाय १० च्या पट्टीचा घेर २२० मिमी असतो. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या गोल सळईचा घेर जेमतेम ११२ मिमी भरतो. म्हणजे पट्टीला हवा जवळजवळ दुप्पट लागते, म्हणून बसबार चपटा! तो उभा बसवला तर आणखी चांगला थंड होतो. आयएस/आयईसी ६१४३९ हे मानक पॅनेलबाहेरच्या हवेचं २४ तासांचं सरासरी तापमान ३५ अंशांपर्यंत गृहीत धरतं. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे त्याच पट्टीतून कमी करंट घ्यावा लागतो किंवा पट्टी मोठी करावी लागते.

तांबं की अ‍ॅल्युमिनिअम? अ‍ॅल्युमिनिअमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. त्यामुळे क्षेत्रफळ १.६ पट लागतं, तरी वजन निम्मंच भरतं. जागा असेल तर अ‍ॅल्युमिनिअम परवडतं, जागा कमी असेल तर तांबं घ्यावं.

दुसरा प्रश्न, शॉर्टसर्किटमध्ये पट्टी टिकेल का? ५० किलोअँपिअरच्या फॉल्टमध्ये करंटचं पहिलं शिखर १०५ किलोअँपिअरपर्यंत जातं. दोन पट्ट्यांत १०० मिमी अंतर असेल तर दर मीटरला सुमारे २२,००० न्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांचा धक्का बसतो! हा जोर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सपोर्टमधलं अंतर निम्मं केलं की पट्टी वाकवणारा ताण एकचतुर्थांश होतो. म्हणून सपोर्टमध्ये काटकसर नको.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जोड कसा आहे? समजा २००० अँपिअरच्या जोडाचा रोध १० मायक्रोओहम आहे. तिथे ४० वॅट उष्णता होते. बोल्ट सैल पडून रोध १०० मायक्रोओहम झाला तर ४०० वॅट! मग ऑक्साइड वाढतं, रोध आणखी वाढतो आणि शेवटी जोड जळतो. हे चक्र बाहेरून दिसत नाही. अ‍ॅल्युमिनिअमवर ऑक्साइडचा थर लगेच धरतो, म्हणून जोडण्याआधी ब्रशने घासून लगेच कंपाउंड लावतात. तांब्याशी थेट जोड टाळून बायमेटॅलिक पत्रा घालतात. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळून रंगाची खूण करतात. खूण सरकलेली दिसली की बोल्ट हलला, हे नुसत्या नजरेनेही कळतं. चालू पॅनेलमधला तापलेला जोड थर्मल कॅमेऱ्यात दिसतो.

पुस्तकात पट्टीचं क्षेत्रफळ काढायला शिकवतात. जोडाचं गणित मात्र आपल्यालाच लक्षात ठेवावं लागेल, कारण तो जळेल तेव्हा पॅनेलसमोर कुणीतरी ऑपरेटर उभा असू शकतो. उद्या आपण पॅनेलच्या ड्रॉइंगवर सही करू, तेव्हा हे तीन प्रश्न विचारायला विसरायचं नाही. काय, पटतंय ना?