डब्याचे दूध, अंगावरचे दूध आणि पाळणा



ओतूरच्या नाहीतर आळेफाट्याच्या औषधाच्या दुकानात गेलात, तर बाळाच्या दुधाचा डबा जरा हातात घेऊन पाहा. त्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र नाही. का बरे? कायद्याने तशी मनाई आहे! उलट ‘आईचे दूधच बाळासाठी उत्तम’ असे कंपनीला छापावेच लागते.

पूर्वी जाहिराती होत, फुकट डबेही वाटले जात. यातली मेख समजून घ्या. बाळ जितके ओढते तितके दूध उतरते. आठ-पंधरा दिवस बाटली दिली की बाळाचे ओढणे कमी, म्हणून दूधही कमी. तोवर फुकटचा डबा संपतो. मग विकत आणणे आलेच. डबा महाग, म्हणून भुकटी कमी आणि पाणी जास्त. बाळ रडते, घरची माणसे म्हणतात, पोट भरले की! बाटलीची बुची नीट धुतली नाही तर हगवण लागते, ती वेगळीच.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली याबाबत नियम केले. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला, २००३ साली तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या अशा डब्यांची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुना, आईला भेटवस्तू, सारे बंद. डॉक्टर-नर्सबाईंना कंपनीने भेट देणे हाही गुन्हाच. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विक्रीला मात्र बंदी नाही. आईच्या आजारपणात डॉक्टरांनी सांगितले तर डबा जरूर आणावा.

गाय व्याली की वासराला आधी चीक पाजतो ना? मग आपल्याच बाळाचा चीक पिळून का टाकायचा? कांदे काढायला जाणाऱ्या बाईने दूध स्वच्छ वाटीत काढून, झाकून सावलीत ठेवावे. चार तासांच्या आत सासूबाईंनी चमच्याने पाजावे. बाटली नको. मालकांनीही पाणी भरणे, जनावरांचे पाहणे अंगावर घ्यावे.

आता तुम्ही म्हणाल, पाळणा लांबवण्याच्या पत्रकात हे कशाला? बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी परत आलेली नाही, आणि रात्रंदिवस फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. या तिन्ही गोष्टी असतील तर शंभरात फार तर दोघींनाच दिवस राहतात. एक जरी तुटली, तरी भरवसा धरू नका. लगेच आरोग्य केंद्रात या. तांबी बसवता येते, निरोध मिळतो. माला-एन गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेऊ नका. तिने दूध कमी होऊ शकते.