गाडीची बैठक आणि स्प्रिंगखालचे रबर



उसाच्या बिलातून म्हणा, बँकेच्या कर्जातून म्हणा, आता बहुतेक वस्त्यांवर चारचाकी उभी दिसते. नव्यापेक्षा जुनी घेणारे जास्त. आणि जुनी गाडी दारात आली की महिन्याभरात पहिली तक्रार ठरलेली : "गाडी मागून बसलीय, पाणंदीत बूड घासतंय." मिस्त्रीकडे नेली की तो दोनच उपाय सांगतो, स्प्रिंगा बदला नाहीतर वेटोळ्यांत रबर ठोका. तिसरी एक साधी वस्तू असते, ती मात्र कोणी काढून पाहत नाही. स्प्रिंगच्या टोकाला, लोखंडी बैठकीत बसवलेला रबरी पॅड. या लेखात त्याचाच विचार करू.

आधी स्प्रिंगचे गणित. समजा एका चाकावरच्या स्प्रिंगवर 300 किलो भार आहे आणि त्या भाराने ती 15 सें.मी. दबली आहे. म्हणजे दर सेंटिमीटरला 20 किलो, हा तिचा ताठपणा. आता तिच्याखाली 1 सें.मी. जाडीचा पॅड घातला तर काय होईल? पुष्कळांना वाटते की स्प्रिंग कडक होईल. तसे होत नाही. गाडीचे वजन तेच, म्हणून स्प्रिंग दबणार तेवढीच, 15 सें.मी. फक्त तिची बैठक 1 सें.मी. वर सरकली, आणि तिच्याबरोबर गाडी उचलली गेली. पाटाखाली वीट ठेवल्याने पाट उंच होतो, टणक होत नाही, तसेच हे.

गाडी उचलते ती नेमकी पॅडच्या जाडीइतकीच, असे मात्र नाही. स्प्रिंग शॉकअ‍ॅब्सॉर्बरभोवतीच असेल, जशी हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे असते, तर हिशोब जवळजवळ एकास एक. पण काही गाड्यांत स्प्रिंग चाकापासून आत, आडव्या हातावर बसते. हा हात तरफेसारखा. स्प्रिंग हाताच्या दोनतृतीयांश लांबीवर असेल तर 10 मि.मी. पॅडने चाकाशी 15 मि.मी. फरक पडतो. मोटेच्या दांड्याचा हिशोब ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको.

या बाबतीत जर्मनीच्या मर्सिडीझने चांगली पद्धत बसवली होती. त्यांचे 124 मॉडेल (1995 पासून पुण्यातही त्याची जुळणी होत असे) घ्या. त्याच्या रबरी पॅडला कडेला बोटाला लागतील असे उंचवटे असत. एक उंचवटा म्हणजे 8 मि.मी. जाडी, दोन म्हणजे 13, तीन म्हणजे 18, चार म्हणजे 23. कोणत्या गाडीला एसी, कोणाला आणखी काही, त्यामुळे वजने निरनिराळी. त्या जादा साहित्याचे गुण मोजून कारखाना स्प्रिंग आणि पॅड ठरवी. मिस्त्रीने अंधारात हात घालून उंचवटे मोजले की आत काय बसवलंय ते कळे. आपल्याकडच्या साध्या गाड्यांत बहुधा एकाच जाडीचा पॅड असतो, पण त्याचे काम तेच.

आता आरामाचे. गाडीचा हेलकावा मिनिटाला 60 ते 90 असला तर अंगाला सोसतो, कारण माणसाच्या चालीचा ठेका साधारण तेवढाच. वरच्या उदाहरणातली स्प्रिंग मिनिटाला सुमारे 77 हेलकावे देते. पॅड घातल्याने त्यात फरक नाही. पण वेटोळ्यांत रबर ठोकले तर? समजा स्प्रिंगला 8 चालू वेटोळी आहेत आणि रबराने त्यांतली 2 जाम केली. उरली 6. ताठपणा एकदम तेहतीस टक्क्यांनी वाढला, हेलकावे 77 चे 89 झाले. गाडी उंच दिसते खरी, पण भार नसताना ती बैलगाडीसारखी हादरे देते. शिवाय खड्ड्यात तेवढीच दाब उरलेल्या 6 वेटोळ्यांनी सोसायची, म्हणून तार लवकर तुटते. आमच्या मते हा उपाय स्वस्त दिसतो एवढेच.

मग पॅडचा आरामाशी संबंधच नाही का? आहे, पण आडवळणाने. स्प्रिंग जुनी झाली की "ढिली" पडते असे आपण म्हणतो. खरे तर तिचा ताठपणा तोच राहतो. ती कायमची आखूड होते. गाडी खाली येते आणि दबायला जागा कमी उरते. मागे तीन माणसे आणि डिकीत साखरेचे पोते घातले, समजा प्रत्येक मागच्या चाकावर 115 किलो वाढले, तर आमच्या स्प्रिंगेवर गाडी आणखी पावणेसहा सें.मी. बसणार. खाली जागा चारच सें.मी. उरली असेल तर ती सतत अडणीच्या रबरावर आपटणार. तो धक्का सरळ मणक्यात. योग्य जाडीच्या पॅडने ही जागा परत मिळते, म्हणून गाडी मऊ वाटते. उलट, हौसेने फार जाड पॅड घातला तर चाकाला खाली सुटायला जागा राहत नाही. खड्ड्यात शॉकअ‍ॅब्सॉर्बर पूर्ण ताणून खट्‌कन आवाज देतो, आणि पुढच्या चाकांच्या शाफ्टचा कोन वाढून सांधे झिजतात.

पॅड स्वतः चिरला, चेपला, तर लोखंडावर लोखंड घासते. रंग जातो, गंज धरतो, आणि स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे तिथेच तुटते. खडखड आवाज येऊ लागला तर पहिल्यांदा हे बघावे. पॅडला ग्रीस, डिझेल लावू नये. रबर फुगते व कुजते.

मोजमाप घरीच करता येते. सपाट जागी, चारही चाकांत हवा सारखी ठेवून, गाडी दोनचार वेळा दाबून सोडावी. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पट्टी लावावी. जमिनीपासून मोजले तर टायरची झीज मध्ये येते. डाव्या-उजव्यात थोडा फरक असेल तर चालतो. पॅड बदलायचा तो जोडीने. एकाच कोपऱ्यात जाड घातला तर भार तिरक्या कोपऱ्याकडे सरकतो, एक पाय उंच झालेल्या टेबलासारखा. पाट्यांच्या गाडीला हे सारे लागू नाही. तिथला इलाज वेगळा आहे.

आणखी एक, आणि हे गमतीत घेऊ नये. आमच्या उदाहरणातल्या दबलेल्या स्प्रिंगमध्ये, 50 किलोचे पोते हातभर उंचीवरून पडावे एवढा जोर साठलेला असतो. ती दाबून धरण्याच्या खास स्क्रूच्या साधनाशिवाय, दोरी किंवा तार बांधून स्प्रिंग सोडणाऱ्या माणसाला काम देऊ नका, आणि स्वतः तर त्या वेळी समोर बसूच नका. काम झाल्यावर पुढच्या चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे. दिव्यांचा झोतही पाहावा. मागून गाडी उचलली असेल तर तो खाली रस्त्यावर पडतो, पुढून उचलली असेल तर समोरून येणाऱ्या ऊसगाडीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो.