डब्यातल्या गोळ्या आणि दवाखान्यातली टंचाई

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या विष्णुपुरी इथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा होता अशी तक्रार झाली, शासनाने ती नाकारली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तो निवाडा आपला नाही. पण औषध वेळेवर न मिळणं म्हणजे काय, हे नांदेड-लातूरच्या बायांना सांगावं लागत नाही. आणि इकडे घरोघरी डब्यात अर्धी पाकिटं पडलेली!

दवाखान्याची पुढची मागणी बहुतेक मागच्या खपावरून ठरते. आपण नेलेली पण न खाल्लेली गोळीही ‘खपली’ असंच धरलं जातं. म्हणून नवी गोळी सुरू होताना ‘आधी पंधरा दिवसांचीच द्या’ असं विचारून बघा. सोसली नाही तर महिनाभराची वाया जात नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र मनानं बंद करून शिल्लक पाडू नका. ती काही बचत नव्हे.

कणगीतलं जुनं धान्य आपण आधी काढतो ना? औषधाचंही तसंच. ग्राम आरोग्य समितीत आपल्या गटाची बाई असेल तर तिनं बैठकीत विचारावं: येत्या तीन महिन्यांत कोणत्या औषधाची मुदत संपतेय? जास्तीचा साठा जिथं कमी आहे तिथं पाठवता येईल का? साठ्याची नोंद ‘ई-औषधी’ या संगणक प्रणालीत असते, त्यामुळे हे विचारणं काही जगावेगळं नाही.

आता घरचा डबा काढा. पाकिटावर फक्त महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. तारखेकडच्या गोळ्या शेवटी खा, नाहीतर तारीखच फाटून जाते. लेकरांच्या अँटिबायोटिकच्या पावडरीत पाणी घातलं की मुदत काही दिवसांचीच उरते. बाटलीवरची सूचना दुकानदाराकडून वाचून घ्या. उन्हाळ्यात पत्र्याखाली औषध ठेवू नका. उरलेली गोळी शेजारणीला तर देऊच नका, दुखणं सारखं दिसलं तरी.

मुदत संपलेलं औषध विहिरीजवळ, नाल्यात किंवा शेळ्या तोंड घालतील अशा उकिरड्यावर टाकू नका, चुलीतही जाळू नका. परत घेता का, असं आधी औषध दुकानात किंवा आरोग्य केंद्रात विचारा. कुणीच घेत नसेल तर गोळ्या पाकिटातून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवा, पिशवीला घट्ट गाठ मारा आणि घंटागाडीत द्या.