प्रगतिपुस्तकाचे वाचन

शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाविषयी काही नोंदी ठेवल्या जातात. मूल किती दिवस उपस्थित होते हे हजेरीपटावरून कळते. ते काय शिकले याचा अंदाज परीक्षेतील गुणांवरून बांधता येतो. सत्राच्या अखेरीस या नोंदींचा सारांश प्रगतिपुस्तकात उतरवून ते घरी पाठविण्यात येते. पालक त्यावर सही करतात, ज्यांना लिहिता येत नाही ते अंगठा उमटवितात, आणि पुस्तक शाळेत परत जाते. पुष्कळदा नोंदीचा प्रवास येथेच संपतो. ही नोंद घराच्या उपयोगी पडावी, मुलाच्या शिक्षणात आईवडिलांचा हातभार लागावा, यासाठी काय करावे लागते? या प्रश्नाचा शोध अलीकडे शास्त्रीय प्रयोगांनी घेतला गेला आहे. त्यांपैकी काहींचा परिचय या पाठात करून घेऊ.

गुण आणि पायरी

समजा, चौथीतील एका मुलीला भाषा विषयात १०० पैकी ३८ गुण मिळाले. ती उत्तीर्ण झाली, एवढाच बोध आईवडिलांना यावरून होईल. तिला नेमके काय येते आणि ती कोठे अडते, हे त्या आकड्यात दिसत नाही. उलट, ‘ही मुलगी सुटे शब्द वाचते, परंतु सलग वाक्य वाचताना अडखळते’ असे सांगितले, तर अक्षरओळख नसलेल्या आजीलाही त्याचे मर्म समजते. गुण हे परीक्षेचा निकाल सांगतात. पायरी ही पुढचे पाऊल कोठे टाकावयाचे ते सांगते.

अशा पायऱ्यांची एक सोपी मोजपट्टी आपल्या देशात वापरात आहे. मुंबईतील झोपडवस्त्यांतील मुलांसाठी १९९५ साली ‘प्रथम’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ या नावाची ग्रामीण पाहणी होत आली आहे. या पाहणीत पाच ते सोळा वर्षांच्या मुलांची एकेकटी तपासणी करतात. वाचनाच्या पायऱ्या चार : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, दोन अंकी हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, असा क्रम असतो.

ही तपासणी शाळेत नव्हे, तर घरोघरी जाऊन होते. त्या दिवशी शाळेत गैरहजर असलेले किंवा शाळेत मुळीच न जाणारे मूल सुटू नये, हा त्यातील हेतू होय. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. म्हणजे उरलेल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांच्या घरी ही गोष्ट कळणे अगत्याचे होते.

जौनपूर येथील प्रयोग

पालकांना खरी स्थिती कळली की ते आपोआप पुढे येतील, असे आपणांस सहज वाटते. हे गृहीत कसास लावण्यासाठी २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत एक प्रयोग झाला. तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि रुक्मिणी बॅनर्जी यांचा समावेश होता. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केवळ योगायोगावर सोपविली होती. त्यामुळे गटांत आधीपासून काही भेद असण्याचा संभव कमी झाला.

८५ गावांत काहीच केले नाही; ती तुलनेसाठी राखून ठेवली. ६५ गावांत सभा घेऊन शाळेच्या ग्रामसमितीचे अधिकार लोकांना समजावून सांगितले. आणखी ६५ गावांत याशिवाय लोकांना वाचनाची तपासणी शिकवून गावाचे प्रगतिपत्रक तयार करविले. शेवटच्या ६५ गावांत हे सर्व करून, शिवाय गावातीलच स्वयंसेवकांना वाचन शिकविण्याचे शिक्षण दिले.

निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. पहिल्या दोन प्रकारच्या गावांत पालकांचा शाळेतील सहभाग वाढला नाही व मुलांचे वाचनही सुधारले नाही. तिसऱ्या प्रकारच्या गावांत मात्र स्वयंसेवकांनी वाचनवर्ग चालविले आणि त्यांना येणाऱ्या मुलांचे वाचन स्पष्टपणे सुधारले. सरकारी शाळेचा कारभार तेथेही बदलला नाही. माहिती तर दोन्हीकडे होती. तिच्या जोडीला करण्याजोगे काम एकाच ठिकाणी होते.

दोन निराळे अनुभव

तथापि, माहिती निरुपयोगी असते असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे होईल. पाकिस्तानातील पंजाब प्रांतात ११२ गावांत असाच अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्या गावांतील पालकांना आपल्या मुलाचे गुण आणि गावातील सर्व शाळांचे सरासरी गुण दाखविण्यात आले. तेथे मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांचे शुल्क सुमारे १७ टक्क्यांनी उतरले. त्या गावांत सरकारी व खासगी अशा अनेक शाळा होत्या; मुलाला दुसरीकडे घालण्याचा मार्ग पालकांच्या हाती होता.

आफ्रिकेतील मलावी देशात मुलांचे गुण समजावून सांगताच पालकांनी त्यांच्या पातळीला साजेशी अभ्यासपुस्तिका निवडली. ज्या पालकांचे स्वतःचे शिक्षण कमी, त्यांचा मुलाविषयीचा अंदाज अधिक चुकलेला होता, असेही तेथे दिसून आले.

तिन्ही ठिकाणचे मर्म एकच आहे. नोंद समजली आणि तिच्यानुसार करता येण्याजोगी कृती हाताशी असली, म्हणजे घर पुढे सरते. कृतीचा मार्ग नसेल, तर नोंद केवळ खंत वाढविते.

शिक्षकांनी काय करावे

पालकसभेत नोंद सांगताना तीन गोष्टी क्रमाने सांगाव्यात : मुलाला काय येते, पुढची पायरी कोणती आणि त्यासाठी घरी काय करता येईल. निरक्षर आईला ‘अभ्यास घ्या’ असे सांगणे व्यर्थ होय. ‘रोज रात्री मुलीकडून एक गोष्ट मोठ्याने वाचवून घ्या आणि ती काय सांगते ते तिलाच विचारा’ असे सांगितले, तर ते तिच्या आवाक्यातील असते. हजेरीपटावरून मूल दर बाजारच्या दिवशीच गैरहजर राहते असे दिसले, तर दोष न देता घरच्या अडचणीची विचारपूस करावी. ती नोंद शिक्षकापाशी असते; तिचे कारण मात्र घरालाच ठाऊक असते.

एका मुलाची नोंद दुसऱ्याच्या पालकांसमोर वाचून दाखवू नये. चारचौघांत मान खाली घालावी लागलेला बाप पुढच्या सभेला येत नाही. संपूर्ण वर्गाची स्थिती मात्र नावे वगळून अवश्य मांडावी. शिक्षणहक्क कायद्यानुसार, २०१० पासून शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. वर्गाच्या स्थितीचा विचार करण्याचे ते योग्य स्थान होय.

प्रगतिपुस्तकावरील सही ही वाचनाची खूण नव्हे. सही घेण्यापूर्वी शिक्षकाने पालकांशी पाच मिनिटे बोलावे. त्या पाच मिनिटांत कोरड्या आकड्याचे घरातील कामात रूपांतर होऊ शकते.

विचारासाठी प्रश्न

१. जौनपूर येथे ८५ गावांत काहीच का केले नाही?

२. शाळेत झालेली तपासणी आणि घरोघरी झालेली तपासणी यांत कोणता फरक पडतो?

३. आपल्या प्रगतिपुस्तकातील एक गुण निवडा आणि तो घरच्यांना ‘पायरी’च्या भाषेत सांगा.